वाणात वाटलेला लेखक

पुस्तक स्वस्त पायजे असं म्हननारा मानूस मी आता लांबून वळखतो. त्याच्या खिशाला पेन असतो, पायात पॉलिशची चप्पल असते, आन् तुमचं पुस्तक हातात घेतलं की तो पैलं ते उलटं करतो. मागची किंमत बघतो. मंग तुमच्याकडं असं बघतो, जसं तुमी त्याची म्हैस सोडून नेऊन राहिले.

माझं वय सतरा. शिक्षन नववी, ते बी पुरतं न्हाई. शाळेत भांडन झालं आन् मी दप्तर घेऊन तांड्यावर आलो तो आलोच. काहून भांडलो ते सांगत बसत न्हाई, माझंच बराबर व्हतं. सांगायचं ते एवढंच की मी लेखक हाय. छापलेला. आमच्या तांड्यावर छापलेली मानसं दोनच, एक मी आन् एक निवडनुकीत पडलेले नाईक. त्यांचं पोस्टर गोठ्याला अजून चिकटून हाय. माझं काय झालं ते ऐका.

मी उखाने करतो. आता पोरगं असून उखाने करतो म्हनलं की आखाडा बाळापूरची पोरं दात काढत्यात. काढू द्या. त्यांच्या बहिनी, वहिन्या माझ्याच दाराला येत व्हत्या. नवरी उंबऱ्यावर अडवली की बायका नाव घेतल्याबिगर आत सोडत न्हाईत, आन् नवरीला आठवतं काय, तर तेच चांदीचं ताट आन् तीच सोन्याची परात. म्हनून लग्नाच्या आधी कोनीतरी यायचं, "इकास, एक उखाना दे रं बाबा, लहानसा." लहानसा. जसं काई उखाना म्हंजे मूठभर मीठ. मी द्यायचो. हा घ्या नमुना:

वारंगा फाट्यावर थांबली गाडी, डायवर खातो भजी,
किसनरावांच्या घरात आता चालंल माझीच मर्जी.

ह्या उखान्यावर तीन गावांत हशा झाला. नवरीला नारळ भेटला, साडी भेटली. मला चहा भेटला, तो बी बिनदुधाचा.

तवा माझ्या डोक्यात आलं, ह्याचं पुस्तक करावं. जिल्हा नवीन झालता त्या सालची ही गोष्ट. हिंगोलीत जिकडं तिकडं नव्या पाट्या लागून राहिलत्या, मला वाटलं आपली बी एक लागंल.

बा, म्हंजे माझा बाप थावरा राठोड, खाटंवर बसून व्हता. त्यानं पूर्न ऐकून घेतलं. हेच त्याचं वाईट. मधी वरडला असता तर भांडता आलं असतं.

"पैसे?" बा म्हनला.

"याडीच्या दोन बकऱ्या हायेत," मी म्हनलं.

आमची याडी, म्हंजे आई, रुख्मिणीबाई, चुलीपाशी व्हती. तिनं फुंकनी खाली ठेवली. बकऱ्या तिच्या माहेरच्या व्हत्या, तिच्या हाताला हुंगून उठायच्या. पन ती म्हनली, "लिहितो म्हनतो तर लिहू द्या. बकऱ्यांचं काय, पुस्तक इकलं की येतील."

"येतील ना?" बा माझ्याकडं बघून म्हनला. "मंग आयक. जूनला शाळा उघडायच्या आत ह्या पुस्तकानं दोन बकऱ्या परत आनल्या पायजेत. न्हाई आनल्या तर तू नववीत जाऊन बसनार."

आता ह्यात भेव काय ते तुमाला कळनार न्हाई. माझी धाकटी बहीन शिला तवा आठवीत व्हती. जूनमधी ती नववीत जानार. म्हंजे मी, मिसरूड फुटलेला, छापलेला मानूस, माझ्या लहान बहिनीच्या वर्गात. शिला लगेच म्हनली, "माझ्या बाकावर न्हाई हं, बा."

बकऱ्या बाळापूरच्या बाजारात गेल्या. मी मकबूलभाईच्या छापखान्यात गेलो. मकबूलभाई लग्नपत्रिका छापतो, हिंदूच्या बी आन् मुसलमानाच्या बी, म्हनून त्याच्या दुकानात गनपती आन् चांदतारा एकाच खोक्यात असत्यात. मानूस सज्जन. फक्त त्याला वाटतं का जगातला परतेक कागद ही लग्नाचीच पत्रिका हाय. त्यानं माझ्या पुस्तकाच्या पैल्या पानावर आपोआप "आमच्या येथे श्री कृपेकरून" लावून टाकलं. ते काढायला अर्धा दिवस गेला.

"किंमत क्या डालूँ?" मकबूलभाईनं इचारलं.

"पंधरा," मी म्हनलं.

मकबूलभाईनं चष्मा वर केला. "पंधरा? अरे बेटा, पतली सी किताब है. मेरी पत्रिका इससे मोटी रहती."

"तुमची पत्रिका फुकट वाटत्यात, मकबूलभाई."

"वोइच तो बोल रहा मैं. फुकट की चीज से मुकाबला है तेरा. जरा लोगां को पूछ के आ."

मी लोकाला इचारायला गेलो. इथंच सगळं नासलं. कुऱ्हाडीचा दांडा किती लांब पायजे हे झाडाला इचारत नसत्यात, पन मी इचारलं.

बाळापूरच्या स्टँडवर लखमाआप्पाचं स्टेशनरीचं दुकान हाय. वह्या, कंपास, पंचांग, मेंदीचे कोन, आन् खाली बरनीत गोळ्या. पुस्तक तिथंच ठेवायचं व्हतं. दुकानाम्होरं बाकडं हाय, त्यावर गावातले रिकामे लोक बसून देश चालवत्यात. लखमाआप्पा तोंडातली पिचकारी टाकून म्हनला, "पंधरा रुपये? लूट हाय ही. गोरगरिबाच्या लेकीबाळीनं काय करावं? दहा ठेव."

बाकड्यावरचा एक म्हनला, "दहाला पावशेर शेव येते. सात कर."

दुसरा म्हनला, "समाजसेवा म्हनून लिहायचं असतं, पोरा. लेखकानं पैशाकडं बघू न्हाई." ह्यानं आदल्या हप्त्यात हळदीच्या भावासाठी मोंढ्यात अडत्याची गचांडी धरलती.

मी म्हनलं, "तुमी हळद सात रुपयानं द्या, मी पुस्तक सातनं देतो."

"हळदीला कष्ट लागत्यात," तो म्हनला. आन् सगळं बाकडं मान हलवून राहिलं.

शेवटी लखमाआप्पानं निकाल दिला. "पाच ठेव. पाच म्हंजे लोक इचार करत न्हाईत. सुटे हातात असले की घेऊन टाकत्यात. हातोहात जाईल." मी बी येडा. मला हातोहात जानारं पुस्तक दिसून राहिलं. कव्हरावर पाच छापलं.

पुस्तकं आली. वरी लाल-पिवळं कव्हर, कमळाचं फूल, त्याखाली माझं नाव. याडीनं पैली प्रत कपाळाला लावली. तिला वाचता येत न्हाई, पन नाव कुठं हाय ते तिनं शिलाला इचारून घेतलं आन् त्यावर बोट फिरवलं.

मंग लखमाआप्पाकडं गठ्ठा घेऊन गेलो, तर तो म्हनला, "माझं कमिशन पाचात दोन."

"मला तीनच भेटतील?"

"तीन काई कमी हाय? बसून खायचंय तुला."

आता गनितात मी कधी पास झालो न्हाई, हे सगळ्या बाळापूरला ठाऊक हाय. पन छापायला एका पुस्तकाला साडेतीन लागले, आन् इकलं की तीन येतात, एवढं मला जमलं. म्हंजे पुस्तक पडून राहिलं तर माझा तोटा. आन् इकलं गेलं तर बी माझा तोटा, वरून लोक म्हननार का इकास लई कमवून राहिला. मी हे बाकड्याला समजावलं. बाकडं म्हनलं, "मंग जास्त इक. जास्त इकलं की निघतं." ही लोकं देश चालवून राहिली, ध्यानात ठेवा.

तोटा भरून काढायला मी एस.टी. धरून एका मोठ्या वाचनालयात गेलो. कुठल्या ते सांगत न्हाई, अजून कधी पानी प्यायला जावं लागंल. तिथला कारकून माझं पुस्तक उघडून हसला, आवडलं बी त्याला, एक उखाना त्यानं कागदावर उतरून बी घेतला. मंग उलटं केलं.

"पाच रुपये? हे आमाला घेता येत न्हाई."

"काहून? महाग हाय?"

"स्वस्त हाय. ह्याला शिक्का, नंबर, कारड, पाठीवरची चिठ्ठी, हे सगळं लावायलाच सा रुपये जात्यात. वरून साहेब इचारतात, पाचाचं पुस्तक घेतलं म्हंजे काईतरी भानगड हाय. पन्नासच्या वरचं असतं तर डोळे झाकून घेतलं असतं."

"मंग पन्नास करून आनतो. पेनानं."

"छापील किमतीत खाडाखोड चालत न्हाई," तो म्हनला, आन् उतरून घेतलेला उखाना घडी करून खिशात टाकला. फुकट.

पुस्तकं घेऊन परत आलो. आन् संक्रांतीच्या तोंडावर सोजराबाई आल्या.

सोजराबाई म्हंजे माजी सरपंच अमृतरावांची बायको. बाळापूरच्या अर्ध्या बाया त्यांना भितात, बाकीच्या अर्ध्या त्यांच्या उसनवारीत हायेत. संक्रांतीचं त्यांचं हळदीकुंकू म्हंजे जत्रा. दरसाली त्या वाण लुटत्यात. परतेक बाईला एक वस्तू, एका सालाला चाळनी, एका सालाला साबनाची डबी. लखमाआप्पाच्या दुकानात त्या वाणाचं बघायलाच आल्त्या. एका हातात प्लॅस्टिकची किसनी, दुसऱ्या हातात माझं पुस्तक. दोन्ही हातानं तोलून राहिल्या.

"किसनी साडेचारला पडते," त्या म्हनल्या. "हे कितीला देतो, लेकरा?"

"पाच. छापलंय."

"मी एक का घेऊन राहिले? तीनशे घेते. दुकानदाराला तीननं देतो ना? मला बी तीननंच दे. आन् बघ, किसनी दिली तर बाया किसत्यात आन् इसरत्यात. तुझं पुस्तक दिलं तर घराघरात तुझं नाव व्हईल."

घराघरात नाव. ह्या दोन शब्दांवर मी तीनशे पुस्तकं तोट्यात मोजून दिली. वरून त्याचे दोन गठ्ठे स्वतः डोक्यावर घेऊन त्यांच्या ओसरीत टाकून आलो. आलेल्या पैशातून मकबूलभाईनं रंगीत कव्हराची बाकी कापून घेतली. राहिलं त्यात बकरीचं एक शिंग आलं असतं.

घराघरात नाव झालं. सोजराबाईचं. वाणावर देनारीचं नाव टाकायची आमच्याकडं पद्धत हाय. चाळनीवर खिळ्यानं कोरतात, डबीवर रंगानं टाकतात. पुस्तकावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली, "सौ. सोजराबाई अमृतराव यांचेकडून सप्रेम भेट." आन् चिठ्ठीला कव्हरावर जागा कुठं, तर कमळाच्या खाली. जिथं मी व्हतो. खळ अशी पक्की लावलती का नखानं बी निघंना. मी एका चिठ्ठीखालून स्वतःला काढायला गेलो तर निम्मा फाटलो.

लखमाआप्पाकडचं पुस्तक त्या दिवसापासून ठप्प. "कोन घेईल?" तो म्हनला. "वाणात आलेली वस्तू कोनी इकत घेतं का? किसन्या बघ कशा चालल्या." खरंच किसन्या चालल्या. बाळापूरच्या काई बायांनी माझं पुस्तक पुढं वारंग्याच्या नातेवाईकाला वाणात दिलं, वारंग्याच्यांनी कळमनुरीला. पुस्तक फिरून राहिलं, हळदीच्या बोटाचे ठसे वाढून राहिले, आन् मला कुठल्याच गावातून एक रुपाया येईना. जी बाई भेटली ती म्हनायची, "सोजराबाईनं काय गोड उखाने लिहिले बघ. तुला बी येतात ना रं थोडे थोडे?"

थोडे थोडे.

रथसप्तमीला शाळेच्या पटांगनात महिला मेळावा ठेवला. शिलानं घरी येऊन बातमी दिली, "दादा, सोजराबाईचा सत्कार हाय. कवयित्री म्हनून." आन् तोंडावर ओढनी घेऊन हसून राहिली. बा खाटंवरून म्हनला, "जा, बघून ये. तेवढीच शाळेची सवय व्हईल."

मी गेलो. भांडायलाच गेलो. मांडवात सगळ्या बाया, आन् परतेकीच्या मांडीवर माझं पुस्तक. एवढे वाचनारे कुठल्या लेखकाला एका जागी दिसत न्हाईत. मला आनंद व्हायला पायजे व्हता, पन माझे कान गरम झाले. मी स्टेजच्या बाजूला कनातीला टेकून उभा राहिलो. शाळेचे मराठीचे सर माइकवर व्हते. शाल झाली, नारळ झाला, हार झाला. मंग सर म्हनले, "आता कवयित्रीनं आपल्या मुखातून एक उखाणा सादर करावा."

सोजराबाई उठल्या. "वारंगा फाट्यावर थांबली गाडी..."

"डायवर खातो भजी!" सगळा मांडव म्हनला. पुस्तक मांडीवरच व्हतं की.

सोजराबाईनं दुसरा सुरू केला. मांडवानं दुसरा बी पुरा केला. तिसऱ्याला तर बायांनी पान नंबर सांगितला. मागून एक म्हातारी बोलली, "बाई, पुस्तकातला आमाला पाठ हाय. नवा सांग. कवयित्री हायेस ना तू?"

सोजराबाई शाल आवरून राहिल्या. अमृतराव पैल्या खुर्चीत छाती काढून बसलेले. सोजराबाईची नजर फिरत फिरत कनातीपाशी आली, माझ्यावर. त्यांनी डोळ्यानं बलावलं. मी स्टेजच्या कडंला गेलो. त्यांनी माइकच्या दांड्यावर हात ठेवला. दांडा धरला म्हंजे माइक बंद व्हतो, असं त्यांना वाटलं.

"एक उखाना दे रं. नवा. गपचूप."

"इकत हाय," मी म्हनलं.

"घे पाच रुपये."

"पाचाची आवृत्ती संपली. आता दोन बकऱ्या."

"मेल्या, एका उखान्याला दोन बकऱ्या? सगळं पुस्तक तीन रुपयाला दिलंस की मला."

"म्हनूनच."

"एक बकरी. अन् एक किसनी देते."

"दोन. दुधाच्या."

अमृतराव हळूच म्हनले, "अगं, माइक." सोजराबाईनं हात वर सरकवला, पन तोवर बाळापूरला पुस्तकाचा सगळा हिशेब ऐकू गेलता. त्या लाल झाल्या. दातावर दात ठेवून म्हनल्या, "दिल्या. बोल लवकर."

मी एक एक ओळ कानात सांगून राहिलो, त्या एक एक ओळ माइकात म्हनून राहिल्या.

"चांदीच्या ताटात तिळाचा लाडू..."

मांडव खूश.

"अमृतरावांचं नाव घेते, खोटं कशाला काढू..."

अमृतरावांनी मिशीवर हात फिरवला.

"संक्रांतीचं वाण मी वाटलं घरोघरी..."

चौथी ओळ मी कानात सांगितली. सोजराबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पन आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेऊन उखाना मधीच सोडला तर नवऱ्याला वाईट असतं, हे मांडवातल्या परतेक बाईला ठाऊक. सोजराबाईनं अमृतरावाकडं बघितलं. अमृतरावाला बी ते ठाऊक व्हतं, त्यांचा हात मिशीवरच थांबला.

"म्हन बाई पुढं," मागची म्हातारी म्हनली. "मानूस बसलाय तुझा."

सोजराबाईनं डोळे मिटले.

"पुस्तक थावराच्या पोराचं, चिठ्ठी माझी वरी."

पैलं कोन हसलं ते म्हाईत न्हाई. पन मांडव असा हसला का कनातीची एक दोरी सुटली. आन् एक मानायला पायजे, सोजराबाई शब्दाच्या पक्क्या. दुसऱ्या दिवशी दोन बकऱ्या आमच्या दारात. एक जरा लंगडी, पन दुधाची. याडीनं त्यांच्या कानाला हात लावला, एकीला माहेरच्या बकरीचं नाव ठेवलं, आन् तोंड वळवून चुलीपाशी गेली.

आता माझं नाव बराबर झालं म्हनून मी लखमाआप्पाकडं धावलो. लोकं येऊन राहिली, पाठीवर थाप मारून राहिली. "तूच लिहिलं व्हय रं? लई भारी. हाय आमच्या घरी, वाणात आलतं." एकानं बी प्रत घेतली न्हाई. एक जन म्हनला, दुसरी आवृत्ती काढ, पन ह्या टायमाला पाचाच्या खाली ठेव, कारन पैली तर फुकटच भेटलती.

घरी येऊन मी बाला म्हनलं, "बकऱ्या आल्या. शाळेचं मिटलं."

बानं खाटंवरून दोन्ही बकऱ्या बघितल्या. "ह्या कोनी आनल्या?"

"मी."

"पुस्तकानं न्हाई?"

"पुस्तक माझंच ना, बा."

"अट काय व्हती? पुस्तकानं आनल्या पायजेत. ह्या तुझ्या तोंडानं आनल्या. तोंड तर तुझं शाळा सोडायच्या आधी बी व्हतं."

हिंगोलीत एवढ्या नव्या कचेऱ्या झाल्या, पन माझ्या बाला कोनी साहेब केलं न्हाई, ही सरकारची चूक हाय. याडीनं माझ्या बाजूनं दोन शब्द टाकले, तर बा म्हनला, "लेखक हाय ना तो? मंग मराठीत तरी पास होऊ दे." शिलानं त्याच दिवशी बाकावर मधोमध खडूनं रेघ मारून ठेवायचं ठरवलं.

जूनमधी मी नववीत गेलो. खिडकीतून आठवीची पोरं बघायला आलती. पैला तास मराठीचा. मेळाव्यात माइकवर व्हते तेच सर. त्यांनी हजेरी घेतली, माझ्यापाशी थांबले.

"या, लेखक," सर म्हनले. वर्ग हसला. शिला सगळ्यात जास्त. "मंग, काय कमावलं लेखकानं पुस्तकावर?"

मी उभा राहिलो. खोटं सांगून फायदा नव्हता, मांडवात माइक चालू व्हता.

"दोन बकऱ्या, सर."

वर्ग बाकं बडवून हसला. सर हसले न्हाईत. त्यांच्या मागं कपाट व्हतं, अर्धं उघडं. त्यात वरपासून खालपर्यंत एकाच निळ्या पुस्तकाचे गठ्ठे रचलेले, वरच्या प्रतीवर सरांचं नाव, सुतळी अजून सुटली नव्हती. सर कपाटाकडं गेले, दार लावलं, ते लागंना म्हनून पायानं रेटलं. मंग माझ्या बाकाजवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाऊ न्हाई अशा आवाजात त्यांनी इचारलं,

"दोन? दोन्ही दूध देतात?"